सही जुळत नाही

चेक परत आला तो सोसायटीच्या रंगकामाचा होता, १८,५०० रुपयांचा. सोबत बँकेची छापील चिठ्ठी आणि तिच्यावर एका कारणापुढे खूण: सही जुळत नाही. मला आधी हसू आलं, मग राग. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ३४ वर्षं मी ड्राफ्ट्समन म्हणून काढली. त्यातली पहिली पंधरा तर ड्रॉइंग बोर्डावर, ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन घेऊन. ०.३ मिलिमीटरची रेघ कुठली आणि ०.५ ची कुठली हे लांबून सांगणारा मी, आणि म्हणे सही जुळत नाही!

तणतणत शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने वाद न घालता स्क्रीनच माझ्याकडे वळवली. ‘काका, तमे ज जुओ.’ वर १९९६ साली खातं उघडताना केलेली सही, खाली चेकवरची. जुनी एका दमात केलेली, तिच्याखालची रेघ सपकन मारलेली. नवीन सहीतली रेघ तीनदा अडखळली होती आणि अक्षरं पहिलीतल्या पोराने गिरवावीत तशी. तिच्यासमोर कोऱ्या कागदावर पुन्हा सही केली. तीही जुळेना. मग मी गप्प बसलो.

ही २०२२ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझ्या मानेत मज्जारज्जू दाबला जातोय हे कळायला त्यानंतर दहा महिने गेले. मान एक दिवसही दुखली नाही, खरी मेख तीच.

आता आठवतो तर चेकच्याही आधीपासून बरंच काही चाललं होतं. शर्टाचं वरचं बटण लागता लागत नसे. मी म्हणायचो, हल्ली काजंच लहान शिवतात. सेव-उसळ खाताना पावाचा तुकडा बोटांतून सुटायचा. नोटा मोजताना दोन एकदम जायच्या. बोटं दुखत नव्हती. थोड्या मुंग्या असत, पण खरं सांगायचं तर जाड हातमोजे घालून सगळी कामं करतोय असं वाटायचं. कमाटीबागेत फिरताना मित्राने टोकलं, ‘अरे, सारखा खाली काय बघतोस? पैसे पडलेत का?’ पाऊल कुठे पडतंय हे बघितल्याशिवाय मला कळत नव्हतं, म्हणून बघत होतो. एकदा दांडिया बाजारात डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि मी दहाएक पावलं तसाच पुढे गेलो. मागून एका बाईंनी हाक मारली, ‘अहो काका, चप्पल!’ तोवर त्या तळव्याला रस्त्याचा पत्ताच नव्हता. आणि सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी हलायचो. एक हात बेसिनला धरून दुसऱ्या हाताने तोंड धुवायची सवय कधी लागली, ते आठवत नाही.

हे सगळं मी वयाच्या नावावर मांडत होतो. ६१ पूर्ण झाली होती, निवृत्ती झाली होती, चालायचंच.

चेकनंतर मात्र हिने ऐकलं नाही. पहिल्यांदा गेलो हाडांच्या डॉक्टरांकडे. तक्रार हाताची म्हणून मनगट बघितलं. नसांची तपासणी झाली. तिच्यात हाताला बारीक बारीक झटके देतात, कुणी टिचक्या मारल्यासारखे. मनगटात नस किंचित दबलेली निघाली. कार्पल टनेल म्हणाले, रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपायचं. बांधला. सही तशीच.

मग पायाचं बघू म्हणून कंबरेचा एमआरआय. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर आलेली निघाली. शेक, व्यायाम, आणखी एक पट्टा. त्यानंतर फिजिशियनकडे. त्यांनी रक्त तपासलं, बी-१२ कमी निघालं, १६०. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, तेव्हा त्यात नवल नव्हतं. बी-१२ फार कमी झालं तर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे तंतू खरोखर खराब होतात आणि माणूस माझ्यासारखाच तोल जाऊन चालतो, म्हणजे डॉक्टरांचा अंदाज काही उगाच नव्हता. इंजेक्शनं घेतली, तीन महिन्यांत आकडा ६०० च्या वर गेला. पाय होता तिथेच. दरम्यान लघवीची घाई होऊ लागली होती. या वयात पुरुषमाणसाने ते सांगितलं की समोरचा प्रोस्टेटच म्हणतो. त्याचीही गोळी सुरू झाली.

चार ठिकाणी चार कारणं मिळाली आणि चारही रिपोर्टात होती. कुणी खोटं बोललं नाही. पण साठीच्या माणसाचा कुठलाही भाग मशिनीत घाला, काही ना काही निघणारच. जिथली तक्रार तिथलाच फोटो, आणि फोटोत जे दिसेल तेच कारण. मनगटाने पायाचा खुलासा होत नव्हता, कंबरेने हाताचा होत नव्हता. आणि मुळात मज्जारज्जू कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापर्यंत पोचतच नाही. तो पहिल्या-दुसऱ्यापाशीच संपतो, खाली उरतो तो नुसता नसांचा झुपका. हे मला नंतर कळलं. पण जन्मभर पाइपिंगची ड्रॉइंग काढलेल्या माणसाला एक गोष्ट आधीच सुचायला हवी होती. दोन फाट्यांना एकदम पाणी कमी येऊ लागलं तर आपण नळ बदलत बसत नाही, वरची मुख्य लाइन बघतो. स्वतःच्या बाबतीत मी वर्षभर नळच बदलत बसलो.

मुलगी मे महिन्यात पुण्याहून आली. माझ्या नकळत मी जिना उतरतानाचा तिने व्हिडिओ काढला आणि रात्री मलाच दाखवला. कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरणारा तो म्हातारा मी ओळखला नाही. ‘बाबा, न्यूरॉलॉजिस्ट,’ एवढंच म्हणाली. मी तरी हट्टी, सप्टेंबर उजाडला.

त्या डॉक्टरांनी माझी जाडजूड फाइल न उघडता बाजूला ठेवली. मला जरा अपमानच वाटला, किती पैसे घातले होते तिच्यात! ‘हात पुढे करा, तळवे खाली, बोटं जुळवून धरा.’ धरली. डावी करंगळी हळूच बाजूला सरकली. मी तिला ओढून आणली, ती पुन्हा गेली. वर्गात खोडकर पोर बाकावरून सरकतं तशी. डॉक्टर काही बोलले नाहीत. मोबाइलवर दहा सेकंद लावले. ‘मूठ उघडा, मिटा, होईल तितकी भराभर.’ धडधाकट माणूस दहा सेकंदांत वीस वेळा करतो. माझ्या उजव्या हाताने १२ वेळा केली, डाव्याने ९. मिटायला त्रास नव्हता, उघडताना बोटांना डिंक लागल्यासारखं व्हायचं.

मग हातोडी. गुडघ्याखाली टक् केलं तर पाय असा उडाला की ते खुर्चीसकट मागे सरकले. मी खूश. म्हटलं, चला, पायात अजून दम आहे. ‘दम आहे तेच वाईट,’ ते म्हणाले. नस मनगटात किंवा कंबरेत दबली असती तर हे झटके वाढले नसते. वरून मज्जारज्जूतून येणारा लगाम ढिला पडला की ते असे उधळतात. त्यानंतर त्यांनी माझं मधलं बोट सैल धरलं आणि त्याच्या नखावर आपल्या अंगठ्याने एक टिचकी मारली. माझा अंगठा टुणकन आत वळला. मी काही केलं नव्हतं. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. स्वतःच्या अंगठ्याने आपल्याला न विचारता परक्याला सलाम ठोकावा, हे बघताना पोटात खड्डा पडला. याला हॉफमनची खूण म्हणतात. तळपायावरून किल्ली फिरवली तर पायाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर गेला; ती बाबिन्स्कीची, १८९६ पासून डॉक्टर लोक बघत आलेत. फरशीच्या रेघेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. ज्याने आयुष्यभर रेघा मारल्या तो रेघेवरून तिसऱ्या पावलाला घसरला.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘मान खाली घातली की पाठीतून करंट उतरतो का?’

मी हिच्याकडे बघितलं. बुटाची नाडी बांधताना, देवाला नमस्कार करताना, दोन वर्षांपासून तो करंट मानेतून सरळ कंबरेपर्यंत उतरत होता. अर्ध्या सेकंदाचा. शीर दबली असेल म्हणून मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा. ‘मला नाही बोललात कधी,’ ही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, ल्हेर्मित नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९२४ साली हेच लिहून ठेवलंय. शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली तक्रार मी कुणी विचारलं तेव्हा सांगितली.

दहा-बारा मिनिटांत झालं सगळं. एक हातोडी, एक किल्ली आणि त्यांचं बोट. मानेचा एमआरआय त्यांनी नंतर लिहून दिला.

त्या फिल्मा मात्र मी घरी खिडकीला लावून नीट वाचल्या. डॉक्टरांना तो एमआरआय, मला तो सेक्शन, म्हणजे छेद. मानेतल्या मणक्यांच्या आतली पोकळी साधारण १७ मिलिमीटरची असते, १३ च्या खाली गेली की अरुंद म्हणतात. माझी जन्मतःच १२ च्या आसपास. त्यात वयाप्रमाणे चकत्या झिजून मागे आलेल्या, हाडाच्या कडा वाढलेल्या, आणि पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये उरली होती साडेसात. आतल्या रज्जूचीच जाडी ८-९ असते. साडेसातच्या पाइपातून नऊची केबल! असं ड्रॉइंग मी सही करून पुढे पाठवलं असतं तर साहेबांनी तोंडावर फेकलं असतं. त्या जागी रज्जू चिमटीत धरल्यासारखा चपटा झालेला आणि त्याच्या पोटात एक पांढुरका ठिपका. दबून दबून आतला भाग दुखावल्याची ती खूण.

नाव सर्व्हायकल मायलोपॅथी. लोक हे ऐकून लगेच ‘अच्छा, स्पॉन्डिलोसिस’ म्हणतात. तो तर घरोघरी असतो, पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला की बहुधा झीज दिसतेच, आणि बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही. ती झीज मज्जारज्जूवर आली की मायलोपॅथी. बाहेर पडणाऱ्या नसेवर आली तर हात ठणकतो, माणूस ओरडतो, तपासणी होते. रज्जू बिचारा ओरडत नाही.

त्या दिवसापासून स्कूटर बंद. एवढ्या अरुंद जागेत एखादा आपट बसला तर उरलेले हातही जाऊ शकतात, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं. मालिश बंद. आणि सलूनमध्ये मान मोडून घेता का, असं विचारलं. घेतो म्हणजे काय! रावपुऱ्यात तीस वर्षं एकाच खुर्चीत दाढी झाली की दोन्ही हातांनी हनुवटी धरून कडाक्, कडाक्. त्याशिवाय दाढी केल्यासारखं वाटायचं नाही. माझा आजार त्याने झाला नव्हता, पण या अवस्थेत तो कडाका शेवटचा ठरला असता. पुढच्या वेळी खुर्चीत बसून मी ‘गरदन नहीं’ म्हणालो तर न्हाव्याचा चेहरा पडला.

मायलोपॅथी मोजायची एक पट्टी आहे, एकूण १८ गुणांची. हात, पाय, संवेदना, लघवी. मला १२ पडले, मध्यम म्हणतात ते. ऑपरेशन सांगितलं.

आणि मग घरात सभा भरली. मानेवर सुरी फिरवणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, तो कुणी खरा करून घेतं का? एका भावाने गावाकडच्या हाडवैद्याचा पत्ता आणला. शेजारच्या पटेलभाईंनी त्यांच्या मेव्हण्याचं सांगितलं, जो ऑपरेशननंतर उठलाच नाही. खोदून विचारल्यावर कळलं की त्याचं ऑपरेशन पित्ताशयाचं होतं. मला स्वतःला पंगू होण्याची भीती होतीच. शेवटी ही म्हणाली, ‘अहो, अंथरुणाला खिळाल म्हणून ऑपरेशन नको म्हणताय. नाही केलं तरी तिकडेच चाललोय ना आपण?’ यावर सभेत कुणी बोललं नाही.

सर्जन सरळ बोलणारे निघाले. ‘गेलंय ते सगळं परत येईल असं धरून येऊ नका. पुढचं जाऊ नये म्हणून हे करायचं. थोडं परत आलं तर तुमचा बोनस.’ आवाज बसू शकतो, गिळायला काही दिवस त्रास होतो, क्वचित खांद्याची ताकद जाते, हेही त्यांनीच सांगितलं. मला हे बरं वाटलं. गोड बोलणाऱ्या कंत्राटदाराची मला नेहमीच धास्ती वाटत आलीय.

घरचा गणपती पोचवला आणि ४ ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. ते मागून करतील असं मी धरून चाललो होतो, केलं गळ्याकडून. श्वासनलिका-अन्ननलिका एका बाजूला सारायची, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला, की समोर मणके. १९५० च्या दशकापासून ही वाट वापरात आहे. भूल देतानाही मान मागे वाकवायची नाही म्हणून घशात फवारा मारून, मी अर्धवट जागा असतानाच, कॅमेऱ्याच्या बारीक नळीवरून श्वासाची नळी आत सरकवली. तेवढा भाग ओंगळ होता, बाकी मला काही माहीत नाही. दोन चकत्या काढल्या, त्यांच्या जागी पिंजऱ्यासारखे ठोकळे बसवले, वर टायटॅनियमची पट्टी आणि सहा स्क्रू. एक्स-रे बघताना मी सर्जनना म्हटलं, पट्टी जरा डावीकडे कललीय. ‘एक अंश,’ ते म्हणाले. ‘दीड,’ मी म्हटलं. आवाज बसला होता म्हणून ते कुजबुजून झालं, नाहीतर वॉर्डात ऐकू गेलं असतं.

पहिले दहा दिवस घशाचेच गेले. तूप-मीठ-भातही घशात थबकायचा. ही मऊ खिचडी ताकात कालवून द्यायची आणि प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडे बघत बसायची. सहा आठवडे गळ्यात कॉलर. पण कॉलर सुटल्यावर पहिल्यांदा देवापुढे मान वाकवली आणि वाट बघत राहिलो. करंट आला नाही.

हात मात्र सावकाश आले. फिजिओथेरपिस्टने राजमाचे दाणे एकेक करून बाटलीत टाकायला लावले, मग चणे, मग मूग. मुगापाशी महिनाभर अडलो. हिने माझा जुना शर्ट उशीला घातला आणि ती उशी टीव्हीसमोर ठेवून दिली. जाहिराती लागल्या की बटणं लावायची आणि काढायची. पाच बटणांना सुरुवातीला सव्वाचार मिनिटं लागायची, मार्चपर्यंत पन्नास सेकंदांवर आलो. दुरेघी वही आणली आणि रोज एक पान ‘श्री’ काढले. ‘श्र’ चं वळण अवघड, हे लहानपणी कसं कळलं नव्हतं! सहा महिन्यांनी १८ पैकी १५ मिळाले. मूठ दहा सेकंदांत १७ वेळा. लघवीची घाई बरीच कमी. डावा तळवा अजून कापसावर ठेवल्यासारखा आहे, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल घालतो. करंगळी थकली की सरकते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये बँकेत गेलो. दीड वर्ष चेकवर ही सही करत होती, संयुक्त खातं म्हणून निभावलं. जुनी सही पुन्हा जमवायचा मी महिनाभर प्रयत्न केला होता. अक्षरं जमली, खालची ती सपकन मारलेली रेघ काही आली नाही. ‘रेघ सोडून द्या की,’ ही म्हणाली. तेव्हा नवीन सही द्यायची ठरवली, रेघेशिवाय. काउंटरवर तीच मुलगी. फॉर्मवर तीन चौकोन होते. ‘काका, त्रणे सरखी करजो.’

पहिली छान आली. दुसरी तिच्यासारखीच. तिसरीला शेवटच्या अक्षरापाशी करंगळी कागदावरून सरकली आणि शेपूट जरा लांबलं. मी दुसरा फॉर्म मागितला. तिने चष्मा वर करून तिन्ही सह्या बघितल्या, ‘चालशे’ म्हणाली आणि मी हात पुढे करायच्या आत शिक्का मारला.